उगवलेल्या पत्रिका

वखारवाल्या बाईंना मुलीच्या लग्नाची पत्रिका ‘निसर्ग’ या थीमवर हवी होती. यांच्या यजमानांनी उभ्या जन्मात झाडाकडे पाहिलं ते किती फूट लाकूड निघेल एवढंच मोजायला, आणि आता घरात निसर्ग निघाला होता. मास्तर मनातल्या मनात हसले. त्यांचं मनातल्या मनात हसणं समोरच्याला चांगलं दिसत असे.

चाळीस वर्षं छापखाना चालवून मास्तरांचं एक मत पक्कं झालं होतं. कोणाचं कोणाशी, कुठे आणि कधी, हे स्वच्छ अक्षरांत सांगणारा कागद म्हणजे पत्रिका. बाकी सगळी थेरं. पण त्यांच्या मुलीने पुढच्या खोलीत कॉम्प्युटर मांडला आणि थेरांची रीघ लागली. एका डॉक्टर जोडप्याने गोळ्यांच्या पाकिटासारखी पत्रिका करून घेतली. एका वकिलाने कोर्टाच्या समन्ससारखी काढली, ती हातात पडताच त्याचा सख्खा मामा दोन दिवस घराबाहेर पडला नाही. हा किस्सा मास्तर येईल त्याला ऐकवत.

मागच्या खोलीत त्यांचं ट्रेडल होतं, पायाने चालवायचं जुनं छपाईचं मशीन. मुलीला ती खोली नव्या मशीनसाठी हवी होती, आणि दोन वर्षं बापलेकीत यावरून धुसफूस चालू होती. बाईंना बोटांना लागतील अशी दाबून उमटलेली अक्षरं हवी होती, ती ट्रेडलवरच निघणार. तेव्हा मुलीने शेवटचं सांगून टाकलं.

“ही एक ऑर्डर ट्रेडलवर करा, बाबा. बाईंना आवडली तर मशीन राहील. नाही आवडली तर मी भंगारवाल्याला बोलावणार, आणि मग तुम्ही तोंड फुगवून बसायचं नाही.”

“न आवडायला झालंय काय?” मास्तर म्हणाले. त्या रात्री मात्र त्यांना नीट झोप लागली नाही.

कागद बाईंनीच पाठवला. जाडाभरडा, मध्येमध्ये काळे ठिपके असलेला.

“यात बिया आहेत, काका,” त्या कौतुकाने सांगायला लागल्या. “लग्न झालं की पाहुण्यांनी पत्रिका कुंडीत पुरायची. रोप येतं!”

“आणि लग्नाची तारीख पुरायच्या आधी बघायची की नंतर?”

मुलीने टेबलाखालून त्यांचा पाय दाबला.

कागदाच्या गठ्ठ्यात एक चिटोरं होतं. मास्तरांनी चष्मा लावून ते उजेडात धरलं. अक्षरं मरतुकडी, ओळी एकमेकींच्या अंगावर चढलेल्या, डावीकडे समास आहे तर उजवीकडे नाही. “ज्याला एवढंसं चिटोरं धड छापता येत नाही, तो कागद काय बनवणार, कपाळ!” असं म्हणून त्यांनी ते चुरगाळून टोपलीत भिरकावलं. अक्षरांचं वळण पाहिलं, अंतर पाहिलं, समास पाहिला. त्यात लिहिलंय काय, तेवढं पाहायचं राहिलं.

मग त्यांनी आपली नेहमीची रीत धरली. जाड कागद ते कधीच कोरडा छापत नसत. दर दहा कागदांमागे एकावर ओला स्पंज फिरवायचा, चळत रचायची, वर फळी आणि वजन ठेवून रात्रभर मुरू द्यायची. मऊ झालेल्या कागदात अक्षर खोल उतरतं, कोरड्यावर नुसतं चिकटतं. हे ऐकवायला आता कोणी उरलं नव्हतं, म्हणून ते ट्रेडललाच ऐकवत.

दुसऱ्या दिवशी तीनशे पत्रिकांचा मजकूर छापून झाला. काय अक्षरं उठली होती! आता फक्त कडेची हिरवी वेल बाकी होती. तेवढ्यात बाईंचा फोन आला की वेलीला पानं कमी पडतात, आणखी हवीत. वेलीचा नवा ब्लॉक, म्हणजे छापायचा ठसा, यायला तीन दिवस लागणार होते. कागद सुकला तर आक्रसतो आणि वेल जागेवर बसत नाही, म्हणून मास्तरांनी चळत प्लास्टिकमध्ये गुंडाळून ओलीच ठेवली. वर बाईंच्या पानांना चार शिव्याही घातल्या.

तीन दिवसांनी सकाळी त्यांनी प्लास्टिक काढलं आणि ते स्टुलावर बसले. चळतीच्या चारी कडांतून पांढरे, वाकडे कोंब बाहेर आले होते. वरची पत्रिका उचलली तर खालच्या दोन तिला मुळांनी धरून वर आल्या.

“बाबा, बाई आल्यात,” म्हणत मुलगी आत आली आणि जागीच थांबली. तिने थेट टोपली उपसली. टोपली रिकामी करायची पाळी मास्तरांची असल्यामुळे चिटोरं अजून तिथेच होतं. तिने ते उलगडून बापासमोर ठेवलं. पहिलीच ओळ होती, ‘छापण्यापूर्वी कागद ओला करू नये.’

ट्रेडल गेलं, आणि ते आपल्याच हातांनी घालवलं. तोवर बाई आत येऊन ठेपल्या होत्या.

“अगंबाई! उगवलीसुद्धा?”

“बाई, ही माझी चूक आहे,” मास्तर उठून उभे राहिले. “कागद भिजवायचा नव्हता. मी भिजवला.”

“चूक कसली, काका! तुम्ही तर कलाकार निघालात! मला सगळ्या अशाच हव्यात, हातात पडतानाच कोंब दिसले पाहिजेत. या वाळून जातील, मी नवा कागद पाठवते.”

चाळीस वर्षं स्वच्छ कामं केली तेव्हा कोणी कलाकार म्हटलं नव्हतं. आयुष्यातलं पहिलं नासलेलं काम, आणि त्यावर ही पदवी! मास्तरांना संताप आला.

“अहो, पण नवरदेवाचं नाव मुळांखाली गेलंय. वाचता येत नाही.”

“पत्रिका वाचतं कोण, काका? सगळ्यांना फोन केलेत. खाली फक्त ‘रोज थोडे पाणी घालावे’ एवढी ओळ वाढवा.”

मास्तरांच्या जिभेवर असं उत्तर आलं होतं की बाई पुन्हा या गल्लीत फिरकल्या नसत्या. पण समोर ते चिटोरं पडलं होतं. त्यांनी उत्तर गिळलं.

बाई गेल्यावर मुलगी म्हणाली, “मशीन राहिलं, बाबा.”

हे वाक्य ऐकायला त्यांचा जीव दोन वर्षं आसुसला होता. आता ऐकून लाजच वाटली.

“माझ्या मूर्खपणावर राहिलं.”

“हो. पण राहिलं.”

त्यांनी एकेक अक्षर लावून नवी ओळ जुळवली, कोरड्या कागदावर प्रूफ काढलं आणि खिशातून पेन्सिल घेतली. प्रूफ तपासायला दोघं लागतात, एकाने मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने छापलेलं बघायचं. शाळेत असल्यापासून वाचायचं काम मुलीचं होतं. भांडण सुरू झाल्यापासून मास्तर एकटेच दोन्ही कामं करत होते.

“द्या, मी वाचते,” म्हणत तिने स्टूल ओढलं.

तिने पहिल्या अक्षरापासून ‘पाणी घालावे’पर्यंत वाचलं. एकही चूक नव्हती. ती उठायला लागली तशी मास्तरांनी तिला हाताने थांबवलं.

“आता तेही वाच.”

“काय?”

“ते चिटोरं. पहिल्यापासून शेवटपर्यंत.” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, नाही तर पुन्हा अक्षरांकडेच लक्ष गेलं असतं. “वाच. मी ऐकतोय.”