मार्च गेला तर ऑक्टोबर

"बोल गं एंजल, गर्दी हाय इथं," म्हणत शलमोनने मोबाईल कान आणि खांद्याच्या मध्ये दाबला आणि खिडकीतून आत आलेल्या अर्जावर शिक्का हाणला. बॅकलॉगचे अर्ज भरायचे दिवस होते. संगमनेरच्या त्या इंजिनीअरिंग कॉलेजात बाकीच्या खिडक्यांवर माश्या उडत होत्या, पण परीक्षा विभागाच्या खिडकीवर पोरं एकमेकांच्या पाठीवर चढली होती.

"पप्पा, मी नापास झाले," तिकडून एंजल म्हणाली.

शलमोनने पुढच्या अर्जावर शिक्का मारला. नापास हा शब्द त्याच्या कानाला दूधवाल्याच्या हाकेइतका सवयीचा. पुढच्या टायमाला बस की मग, त्यात काय, असं तो म्हणून मोकळाही झाला.

"पुढची वेळ नाही पप्पा. ही तिसरी होती. मला काढून टाकलंय."

शलमोन या खिडकीतला क्लार्क. साहेब कधी झाला नाही आणि होण्याची हौसही नव्हती. पण नापास पोरांचा तो खरा वाली. प्राध्यापकांनी ज्यांच्या नावाने हात झटकले, घरच्यांनी ज्यांना टेम्पो घेऊन द्यायचं ठरवलं, अशी पोरं शेवटी तोंड पाडून शलमोनकाकांच्या खिडकीशी यायची. त्यांना तो एकच औषध द्यायचा. मार्च गेला तर ऑक्टोबर हाय, पेपर सोडायचा न्हाई, कोरा देईन पण बसंन म्हणायचं. तो स्वतः मॅट्रिकला मार्च, ऑक्टोबर, परत मार्च असा लोळत लोळत गेला होता आणि कितव्या तरी खेपेला त्याचं घोडं गंगेत न्हालं होतं. अकोल्याचा गहिनीनाथ तर गणितात इतक्यांदा गेला, की वर्गातली पोरं मास्तर झाली तरी हा आपला बाकावरच. तोही अखेर सुटला आणि आज कुठल्याशा धरणावर इंजिनीअर आहे. दर दिवाळीला पेढे घेऊन येतो आणि शलमोनच्या पाया पडतो. बसणारा सुटतो आणि सोडणारा गावाला जातो, ही शलमोनची उभ्या जन्माची कमाई. ती खोटी नव्हती हो, इथे ती शंभर टक्के खरी होती.

एंजल ही त्याची एकुलती एक. याच कॉलेजात पहिलं वर्ष करून ती जर्मनीला गेली होती. तिथल्या कॉलेजाला होखशूल म्हणतात. तंत्रज्ञान आणि व्यवसाय, दोन्ही एकाच छपराखाली. मोठ्या विद्यापीठासारखं पुस्तकात डोकं घालून बसवत नाहीत, कारखान्याला लागतं तेच शिकवतात, असं तिने बापाला समजावलं आणि बापाने ते डेअरीवर, एस.टी. स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत ज्याला त्याला समजावलं. दर रविवारी उपासनेत पाळकसाहेब 'परदेशी शिकणारी आमची लेक' म्हणून प्रार्थना करत, तेव्हा तिच्या आईचे, हन्नाचे, डोळे मिटलेले असत. शलमोनचे उघडे असत. कोण कोण ऐकतंय ते बघायला नको का?

तर अशी ती लेक आता फोनवर नियम सांगत होती. आवाज कोरडा होता, दुसऱ्याच कुणाचं गाऱ्हाणं सांगावं तसा. एका विषयाला तिथे तीनदाच बसता येतं. तिसऱ्यांदाही गेलात तर नाव कायमचं कमी होतं, आणि त्या कॉलेजातूनच नव्हे, हा अभ्यासक्रम मग अख्ख्या जर्मनीत कुठेच घेता येत नाही. तिचा स्टॅटिस्टिक्स राहिला होता. काल संध्याकाळी निकाल दिसला.

"आसं कुठं आसतं का?" शलमोन म्हणाला. "पोरगी काय गुन्हेगार हाय?"

"मी तुम्हाला सांगितलं होतं पप्पा. त्या दिवशी सकाळी." मग ती म्हणाली, "मी झोपते आता. रात्रभर जागीच आहे." आणि फोन बंद झाला.

खिडकीबाहेरून कुणी तरी काका, काका करत होतं. शलमोनने खिडकीची फळी खाली ओढली. इतक्या वर्षांत जेवणाच्या सुट्टीआधी ती फळी पडलेली कुणी पाहिली नव्हती.

तिने सांगितलं होतं. हो, सांगितलं होतं. त्या दिवशीही तो असाच गर्दीत होता. अंगात सणसणून ताप आहे, उभं राहवत नाही, असं ती म्हणाली होती. इथले डॉक्टर कागद देतात, पप्पा, तो दिला की ही वेळ मोजत नाहीत, पुढच्या सत्रात नीट बसता येतं. आणि शलमोन हसला होता. डॉक्टरचा कागद म्हटल्यावर त्याला काय आठवणार? नाक्यावरचा दवाखाना. तिथे पोरांना हवा तो ताप हव्या त्या तारखेला लिहून मिळायचा आणि तो कागद फडकवत जे पोर यायचं, ते पुढे कधी धड उभं राहिलेलं शलमोनने बघितलं नव्हतं. दांडीबहाद्दरांची सोय ती. आपल्या पोरीने त्या वाटेला जावं, हे त्याला पटेना. क्रोसिनची गोळी घे, प्रभूचं नाव घे आणि बस, असं त्याने ठणकावून सांगितलं. बसल्याशिवाय कोन पास हुतंय, हेही वर म्हणाला. पोरीने बापाचं ऐकलं. ती तापात बसली आणि तिसरी वेळ वाया गेली.

त्याने फोन लावला, तर बंद. पुन्हा लावला, तरी बंदच. झोपली असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. पण या खिडकीत त्याने काय काय ऐकलं होतं, हॉस्टेलच्या खोल्यांची दारं फोडल्याच्या गोष्टीसुद्धा, आणि त्या सगळ्या एकदम डोक्यात घुसल्या.

आता माणूस बुडायला लागला की ओळखीच्या काठाकडेच हात मारतो. शलमोनला परीक्षेतले सगळे चोरदरवाजे पाठ होते. फेरतपासणी, उत्तरपत्रिकेची झेरॉक्स, ग्रेस मार्क, आणि काहीच नाही जमलं तर प्राचार्यांचा शब्द. शिवाय त्याला वाटलं, परीक्षा विभाग म्हणजे शेवटी परीक्षा विभाग. तिथेही कुणी तरी एक शलमोन बसलेला असेलच. क्लार्कचं दुखणं क्लार्कला कळतं. तिकडची कचेरी उघडायची वेळ झाली तसा तो सुरेखा मॅडमकडे गेला. मॅडम इंग्रजी शिकवायच्या आणि एंजल त्यांची लाडकी. त्यांनी मान हलवली, असं चालत नसतं म्हणाल्या, पण त्याचा चेहरा बघून नंबर शोधून दिला आणि स्टाफरूमच्या कोपऱ्यात फोन लावून स्पीकरवर ठेवला.

पलीकडे एक बाई होती. आवाज गोड होता, अगदी मऊ. मॅडमनी सगळं सांगितलं, एंजलचं नाव सांगितलं. बाईने शांतपणे ऐकलं आणि मग ती काहीतरी बोलली.

"ती म्हणते, कुठल्याही विद्यार्थ्याबद्दल ती बोलू शकत नाही," मॅडम म्हणाल्या.

"मी बाप हाय म्हनावं तिचा."

मॅडमनी सांगितलं. बाईचं उत्तर तेच. मुलगी सज्ञान आहे, बापालाही सांगता येत नाही. त्या नावाची मुलगी आमच्याकडे आहे की नाही, तेवढंसुद्धा नाही.

शलमोन खुळ्यासारखा फोनकडे बघत राहिला. अरे, इथे बाप सोडा, चुलता येतो, मामा येतो, गावचा सरपंच येतो. आमच्या पोराचं काय झालं विचारतो, आणि शलमोन यादीवर बोट फिरवून सांगतो, वर चहाही पाजतो. बापाला पोरीचं सांगायचं नाही, हा कुठला धरम म्हणायचा? तो फोनवर ओणवा झाला आणि मराठीतच बोलायला लागला. किती मार्कानं गेली तेवढं बघा बाई, दोन-चारानं गेली आसंल तर कुठं तरी सरकवा, लई हुशार पोर हाय, ताप हुता तिला, चूक तिची न्हाई. मॅडम जमेल तसं इंग्रजी करत गेल्या. पलीकडची बाई मध्ये एकदाही बोलली नाही. सगळं संपल्यावर तिने दोन वाक्यं उच्चारली.

"तिला फार वाईट वाटतंय म्हणाली. आणि मुलीच्या जिवाची काळजी वाटत असेल, तर पोलिसांचा नंबर देते."

"वाईट वाटतंय तर मार्क वाढव म्हनावं," शलमोन म्हणाला. हे मात्र मॅडमनी भाषांतर केलं नाही. त्यांनी पोलिसांचा नंबर लिहून घेतला, त्याच्या खिशात घातला आणि संध्याकाळपर्यंत फोन लागला नाही तर मला सांगा म्हणाल्या.

तो हाफ डे टाकून घरी आला. हन्ना ओसरीवर चिंच फोडत बसली होती. अंगणवाडीतल्या कामावरून आली की हल्ली तिचं हेच चाललेलं. चिंचोके काढून, मीठ लावून गोळे करायचे आणि एंजलला पाठवायचे. चिंचेवाचून तिकडे आमटी गोड लागते असं पोर म्हणाली होती ना. शलमोनला अवेळी बघून तिने वर पाहिलं आणि त्याने उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. नापास झाली, काढून टाकलं, फोन लागत नाही.

हन्नाने विचारलं, "ताप हुता तिला तवा. डाक्टरचा कागद का न्हाई दिला तिनं?"

या प्रश्नाला तो सकाळपासून भीत होता. घरात खोटं बोलायची त्याला सवय नव्हती आणि आता त्राणही नव्हतं.

"मीच नगं म्हनलो. बस म्हनलो."

हन्नाच्या हातातली चिंच तशीच राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. आदळआपट केली असती, तरी त्याने निमूट सोसलं असतं. पण ती अगदी हळू म्हणाली, "लोकाची पोरं तुमचं आयकून तरली. कारन तुमी हुता हितं, मागनं ढकलायला. माझ्या पोरीच्या मागं कोन हुतं तिथं?"

शलमोन पायरीवर बसला. पुणे रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून चालले होते. शेजारच्या छबूबाई डोकावल्या आणि आमची जर्मनीवाली कशी हाय म्हणून विचारून गेल्या. बरी हाय, हन्ना म्हणाली. त्या गेल्यावर तिने पदराने तोंड झाकलं. दोघांच्या मधे फोन ठेवला होता. हन्ना ओठातल्या ओठात प्रार्थना करत होती आणि शलमोनला ती सुचत नव्हती. कुठल्या तोंडाने मागायचं? देवबापा, पास कर म्हणून मागायची सोय राहिली नव्हती. नुसती जिवंत ठेव, एवढंच त्याच्या मनात येत होतं, पुन्हा पुन्हा, आणि ते मनातसुद्धा म्हणायची त्याला भीती वाटत होती. खिशातला पोलिसांचा नंबर त्याने दोनदा बाहेर काढला आणि दोनदा आत ठेवला.

दिवस कलला तेव्हा फोन वाजला. हन्नाने झडप घातली, नाव बघितलं, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, तो शलमोनच्या हातात दिला.

"झोप लागली होती पप्पा," एंजल म्हणाली. "फोन बंद ठेवला होता. घाबरला होतात का?"

"न्हाई," शलमोन म्हणाला. त्याने हन्नाकडे बघून मान हलवली. हन्नाने भिंतीला पाठ टेकली.

पोर नीट बोलत होती. शिव्या दिल्या नाहीत की तुमच्यामुळे झालं म्हणाली नाही. त्या सकाळचं तर तिने नावही काढलं नाही. ती म्हणाली, दोनच रस्ते आहेत. दुसरा कुठला तरी अभ्यासक्रम घेऊन, दुसऱ्या गावात, पहिल्या वर्षापासून सुरू करायचं. त्यातही पुन्हा असंच झालं तर काय, ते तिला माहीत नाही. नाहीतर सामान बांधून घरी यायचं. आठवड्याभरात काय ते ठरवायला हवं, नाहीतर व्हिसाचं अवघड होईल. तिने हे सगळं बापाला समजेल असं सावकाश सांगितलं, लहानपणी शाळेतून आल्यावर सांगायची तसं.

"आता तुम्ही सांगा पप्पा," ती म्हणाली. "तुम्ही सांगाल तसं करते."

शलमोनचं तोंड उघडलं. इतकी वर्षं हा प्रश्न त्याला कुणाकुणाची पोरं विचारत आली होती आणि शिक्का उचलायच्या आत त्याचं उत्तर तयार असे. ते आताही घशाशी आलं. तिथे त्याने ते गिळलं. हन्ना त्याच्याकडे टक लावून बघत होती. पलीकडे पोर वाट बघत होती. ती पूर्ण विश्वासाने वाट बघतेय, हे त्याला तिच्या श्वासावरून कळत होतं.

"पप्पा?"

"मला न्हाई कळत, एंजल," शलमोन म्हणाला. "मला खरंच न्हाई कळत, बाळा."

एंजल रडायला लागली. शलमोनने फोन कानाशी घट्ट धरला आणि ते रडणं शेवटपर्यंत ऐकलं.