लीड स्वस्त करून दे

"तुझी एक लीड आपल्याला सहा मीटर कापडाला पडते," काका सगळ्यांसमोर म्हणाले. "आपण कापड विणतो, का फोन नंबर विकत घेतो?"

सगळं ऑफिस हसलं. सगळ्यात मोठ्याने हसले ते काकांचे जावई. आल्यापासून दिवसभर स्क्रीनवरच्या आकड्यांना डोळे लावून बसायचे, म्हणून मी त्यांचं नाव डॅशबोर्डराव ठेवलं होतं. कापड हातात घेऊन उलटी-सुलटी बाजू ओळखता येत नव्हती, पण लीड महाग पडते हे मात्र पहिल्याच आठवड्यात कळलं. उंटावरचा शहाणा म्हणतात तो हाच.

लीड म्हणजे काय, हे आमच्या आईलाही मी चार वेळा सांगितलंय, तुम्हाला एकदा सांगते. माणूस फोन चाळत असतो. मध्येच आमच्या पडद्यांची, सोफ्याच्या कापडाची जाहिरात येते. त्याला आवडलं की तो बटण दाबतो, त्याचं नाव आणि नंबर आमच्याकडे येतो. ती लीड. मग आमचा माणूस त्याला फोन करतो. आमचा माल ठोक. ताग्यांनी विकायचा, मीटरने नाही. म्हणून मी फॉर्ममध्ये एक प्रश्न घातला होता : किती तागे हवेत? एवढा प्रश्न दिसला की खिडकीपुरतं कापड शोधणारे पळून जायचे. उरायचे ते हॉटेलवाले, फर्निचरवाले, पडदे शिवून देणारे. थोडेच उरायचे, म्हणून महाग पडायचे. पण चार लीडमागे एक ऑर्डर ठरलेली. दोन वर्षं माझ्या लीडवर कारखाना चालला, आणि वर बोलणी मलाच!

तरी माझं खरं दुखणं लीडचं नव्हतंच. कारखाना दोघा भावांचा, माझे बाबा थोरले. कापडावरची सगळी नक्षी त्यांची, बाहेरचा व्यवहार काकांचा. बाबा दवाखान्यात पडले तेव्हा काका रोज उशाशी येऊन बसायचे. आम्हाला वाटलं, भाऊ आहे शेवटी. एक दिवस म्हणाले, "दादा, बँकेचं काम अडलंय, सही लागते." बाबांनी केली. बरे होऊन कामावर गेले तर मालकाच्या खुर्चीत काका एकटे, आणि बाबा पगारी! बाबा एक शब्द बोलले नाहीत. मी बोलायला लागले की म्हणायचे, "जाऊ दे गं." मी ठरवलं होतं, जाऊ द्यायचं नाही. बाबांचा अर्धा हिस्सा काकांच्या हातून परत घ्यायचा, तोही त्यांनी घरी चालत येऊन द्यायचा. त्याच आशेवर मी तिथे राबत होते.

आणि आता मलाच काढत होते. काका म्हणाले, "उद्यापासून हे जावईबापू बघतील. जाण्याआधी तेवढी लीड स्वस्त करून दे."

तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडावर मात्र साखर. "देते की काका," म्हटलं, "तुम्ही सांगाल तेवढी स्वस्त."

खुर्चीत बसले आणि पहिल्यांदा ताग्यांचा प्रश्न उडवला. मग 'कापडाचा नमुना घरपोच मोफत' असं ठळक लिहिलं. नाव-नंबर आपोआप भरले जातील, नुसता अंगठा टेकवायचा, अशी सोय केली. मी काही चोरी केली नाही, खोटं केलं नाही. जे मागितलं तेच पदरात घातलं.

लीडचा भाव दोन दिवसांत हातरुमालावर आला. डॅशबोर्डराव म्हणे खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवत होते. मग त्यांनी एक करामत केली, ती फक्त आमच्याच खानदानात होऊ शकते. चार लीडमागे एक ऑर्डर, हे माझं प्रमाण त्यांनी उचललं आणि त्या नव्या ढिगाला लावलं. एवढ्या लीड, म्हणजे एवढ्या ऑर्डरी, म्हणजे एवढं सूत. काकांनी सूत उधारीवर उचललं, बंद पडलेले मागही चालू केले आणि जाहिरातीचा खर्च वाढवला. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तसली गत! मी घरी बसून एकेक बातमी ऐकत होते आणि, खरं सांगते, मला गाढ झोप लागत होती.

मग एक दिवस आई म्हणाली, "यांचा आवाज बसलाय बघ. दिवसभर फोन करायला बसवलंय."

"कुणाला फोन?"

"ते तुझे लीडवाले."

एवढ्या लीडना फोन करायला माणूस कुठून आणणार? काकांनी सख्ख्या भावाला गोदामाच्या कोपऱ्यात स्टूल दिलं होतं. ज्यांनी आयुष्यभर नक्षी काढली, ते आता शिव्या खात बसले होते. आणि त्या शिव्या मी पाठवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी डबा द्यायच्या निमित्ताने गेले. गोदामात तागे खिडकीपर्यंत चढले होते, आत उजेडच येत नव्हता. बाबा फोनवर होते. पलीकडची बाई एवढी ओरडत होती की मला दारात ऐकू आलं. "कसलं कापड? मी काही मागितलं नाही! परत फोन केलात तर बघा!"

बाबांनी शांतपणे फोन ठेवला. फोन झाला की स्क्रीनवर खूण करायची असते : चांगली, बरी, फालतू. जाहिरात चालवणारं यंत्र त्या खुणांवरून शिकतं. ज्याला चांगली म्हणाल, तशीच माणसं आणखी शोधून आणतं. बाबांनी त्या ओरडणाऱ्या बाईच्या नावापुढे बोट टेकवलं. चांगली.

"अहो बाबा, चुकलं. ही फालतू. चांगली म्हटलंत तर असलीच आणखी येतील."

बाबांनी आधी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मला वाचता येतं," ते म्हणाले. "यंत्र कसं शिकतं, तेही कळतं. तूच नाही का आईला चार वेळा समजावलंस? मी तिथेच बसलो होतो."

मी स्क्रीनवरची यादी वर-खाली सरकवून पाहिली. सगळ्या ओळी. चांगली, चांगली, चांगली. काकांना रोज तेच दिसत होतं आणि काका रोज माग चालवत होते. मला इतकं हसू आलं की ताग्यात तोंड खुपसावं लागलं. माझा गरीब, जाऊ-दे-गं बाप! मी त्यांना मिठी मारली. बाबांनी पाठीवर थोपटलं आणि पुढचा नंबर फिरवला.

त्यानंतर काय व्हायचं ते झालं. नमुने वाटून वाटून कापड फुकट गेलं, ऑर्डर एक येईना. सूतवाला दारात बसायला लागला. माग एकेक करत थांबले आणि डॅशबोर्डराव तब्येतीचं कारण काढून सासुरवाडीच्या कामातून मोकळे झाले.

आणि एका दुपारी काका आमचा जिना चढून आले. दाढी वाढलेली, सदरा चुरगळलेला. आयुष्यात पहिल्यांदा आमच्याकडे पाणी मागून प्यायले.

"बाळ," ते मला म्हणाले, "तो तुझा प्रश्न परत घाल. महाग तर महाग. जुनं गिऱ्हाईक परत आलं तर सूतवाला थांबेल म्हणतो."

ज्या दिवसासाठी मी जगले तो हाच. मी मांडीवर मांडी टाकून बसले. "घालते. आधी बाबांचा अर्धा हिस्सा."

"देतो. उद्याच लिहून देतो."

एवढं सोपं! मी लॅपटॉप उघडलासुद्धा. आईने पदराने डोळे टिपले. मी बाबांकडे बघितलं, आता तरी हसतील म्हणून.

"नको," बाबा म्हणाले.

"दादा, खरंच देतोय. हवं तर जास्त घे."

"नको म्हटलं ना."

काका गोंधळले. "अरे पण एवढ्या चांगल्या लीड होत्या. तू स्वतः खूण करत होतास. त्यातल्या निम्म्यांना परत विचारलं तरी..."

"एकही चांगली नव्हती. मी जाणूनबुजून केल्या खुणा. दिवसभर शिव्या ऐकायचो आणि प्रत्येकीला चांगली म्हणायचो."

काकांनी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

"दवाखान्यात तू सही घ्यायला आलास ना," बाबा त्याच बसलेल्या आवाजात म्हणाले, "तेव्हा उन्हातून आला होतास. मला धड बोलता येत नव्हतं, तरी मी तुला विचारलं, पाणी प्यायलास का. तू हो म्हणालास आणि कागद पुढे केलास."

"बाबा," मी मध्ये पडले, "अहो, हिस्सा देतायत. अजून सावरता येईल. मला आठवडा द्या, मी सगळं रुळावर आणते. विणकरांच्या घरी चुली आहेत बाबा!"

"ठाऊक आहे. सगळ्यांना मी नावाने ओळखतो."

"मग?"

"मग काही नाही. ते बंद कर."

काका माझ्याकडे बघत होते. मी बोट टेकवलं असतं तर कारखाना वाचला असता, हिस्साही आला असता. मी बाबांच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे राग असता तर मी भांडले असते. तिथे समाधान होतं, पोट भरल्यावर असतं तसं. मला त्यांची भीती वाटली. मी लॅपटॉप मिटला.

मला त्यांचा हिस्सा परत मिळवायचा होता. त्यांना घेण्यासारखं काही उरूच द्यायचं नव्हतं. आणि इतक्या दिवसांत, तुम्हाला काय हवंय बाबा, हे मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.

काका कठड्याला धरून जिना उतरले. बाबांनी आईला विचारलं, जेवायला काय केलंयस, आणि दोनदा मागून घेऊन जेवले. माझ्या घशाखाली घास उतरला नाही.