राजरत्नचं वॉरंट

२००६ साली कोर्टाचं समन्स घेऊन हवालदार हरिचंद्र शिरगावला आमच्या दारात उभा राहिला, तेव्हा शेजारणींची तोंडं उतरली. मी मात्र त्याला चहा पाजला. का नाही पाजणार? माझा राजरत्न जिवंत आहे, हे चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला लेखी दिलं होतं.

त्याचे वडील नगरपालिकेत होते. ते गेले आणि त्यांच्या जागी राजरत्नला घेतलं. सहा महिन्यांत पठ्ठ्याने राजीनामा दिला, म्हणे टेम्पो चालवणार. माझं डोकंच फिरलं. "बापाच्या मरणाने मिळालेली नोकरी लाथाडलीस? पुन्हा मला तोंड दाखवू नकोस!" आता आई रागात शंभर गोष्टी बोलते, पोराने त्यातली एकही ऐकायची नसते. यानं नेमकी हीच ऐकली.

तेव्हा हरवल्याची नोंद करायला गेले होते. पोलीस ठाण्यातले साहेब म्हणाले, "पंचवीस वर्षांचा घोडा, स्वतःच्या पायाने गेलाय. यात गुन्हा कुठे आहे बाई? शोधायचं कुणाला?"

घ्या, आता गुन्हा झाला होता. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये त्याने नो एंट्रीत टेम्पो घातला. ट्रॅफिकवाल्याने लायसन जमा करून हातात पावती दिली आणि हा बाबा ते सोडवायला गेलाच नाही. लायसनवर पत्ता आमच्या घरचा, म्हणून समन्स माझ्याकडे आलं.

तारखेला मी सगळ्यांच्या आधी कोर्टात हजर. 'राजरत्न सोमा पगारे' असा पुकारा झाला. मी दाराकडे डोळे लावून बसले. दुसऱ्यांदा पुकारलं, तिसऱ्यांदा पुकारलं. कुणी आलं नाही.

बाहेर टायपिंग करणारा मुकेश, सिंधी पोरगा, त्याने समजावलं. "अम्मा, टेन्शन नही लेना. लोकअदालतीत घरचं माणूस दंड भरू शकतं. केस खतम, लायसन घेऊन जा."

"आणि नाही भरला तर?"

"फिर वॉरंट. समन्स म्हणजे 'ये', वॉरंट म्हणजे 'पकडून आणा'."

मला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पकडून आणा! दुसरं काय मागत होते मी चार वर्षं? दंड भरलाच नाही.

दोन महिन्यांनी वॉरंट निघालं. पण आलं कुठे? माझ्याच दारात! पुन्हा तोच हरिचंद्र.

"मावशी, राजरत्न पगारे कुठाय?"

"अरे मेल्या, ते तू मला सांगायचंस ना!"

तो हसला, टोपी काढून ओट्यावर बसला. "वॉरंट पत्त्यावरच येतं मावशी. नो एंट्रीच्या केससाठी गल्लोगल्ली कोण फिरणार? पण उद्या कुठल्या नाकाबंदीत सापडला, तर बायकापोरांसमोर उचलतील त्याला."

"बायकापोरं?"

"म्हणजे, असतील आता. मला काय माहीत?"

मला तरी कुठे माहीत होतं! हरिचंद्रने कागदावर बोट ठेवलं. "आणि जागा तर इथे लिहिलीय. कॅम्प चार. इथून तासाभराची वाट. तुम्ही गेला होतात?"

नव्हते गेले. त्याने यावं, खाली मान घालून यावं. नाहीतर पोलिसांनी धरून आणावं, पण ही भिमाबाई जाणार नाही. रोज भाकऱ्या करताना हात त्याच्या नावाची एक जास्त थापतो, आणि पाय काही उंबऱ्याबाहेर पडत नाही. जळो तो ताठा!

पुढच्या लोकअदालतीत शंभर रुपये भरले. वॉरंट रद्द झालं आणि लायसन हातात आलं. फोटोत मिसरूडसुद्धा धड फुटलेलं नाही, कान तेवढे बापासारखे बाहेर आलेले. पदराने पुसलं. खरं सांगते, मुकेशच्या टेबलापाशीच ढसाढसा रडले. त्याने पाण्याची बाटली पुढे केली.

तिथून रिक्षा केली ती थेट कॅम्प चारला. टेम्पो स्टँडवर पाच-सहा जण गप्पा मारत उभे होते. एकाला लायसन दाखवलं.

"अरे, ये तो अपना राजू! भिवंडीला माल सोडायला गेलाय, येईल तासाभरात. आप कौन?"

त्याने मला बाकड्यावर बसवलं आणि राजूला फोन लावायला मोबाइल काढला.

"क्या बोलूं उसको?"

"सांग, लायसन सुटलं," मी म्हटलं. "आणि म्हणावं, आई तुला तोंड दाखवायला आली आहे."