आसऱ्याचा निळा टेम्पो

मित्रांनो, शेणव्याच्या रस्त्याला लागून पत्र्याची एक लांब शेड आहे. तिच्या मागे करवंदीच्या जाळीला टेकून उभा असलेला निळा तीनचाकी टेम्पो म्हणजे मी. माझं इंजिन आता चालत नाही. पण मी बरंच काही पाहिलं आहे, आणि ते तुम्हाला सांगावंसं वाटतं.

कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा माझा रंग इतका चकचकीत होता की माणसं त्यात बघून भांग पाडत. मुरबाडच्या हरेशने मला घरी आणलं, हार घातला आणि भाजीच्या धंद्याला जुंपलं. भेंडी, काकडी, मिरची भरून आम्ही कल्याणच्या बाजारात जायचो. तिथले हमाल म्हणत, "हरेश, तुझा टेम्पो कधी रुसत नाय रे." ते ऐकून मला फार बरं वाटे.

शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात शहापूरजवळ आग्रा रोडच्या कडेला एक बाई वासराचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली दिसली. वासराला ट्रकने उडवलं होतं. बाई येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करत होती आणि गाड्या निघून जात होत्या. हरेशने ब्रेक दाबला. माझ्या हौद्यात रिकाम्या पाट्या होत्या. त्या त्याने बाजूला सारल्या आणि दोघांनी मिळून वासराला आत घेतलं.

त्या बाईचं नाव सरिता. शहापुरात ती ब्लाउज शिवायची. वासराच्या पायाला तिने ब्लाउजच्या अस्तराचीच पट्टी बांधली. शेणव्याच्या शेखरदादांची पेंढा ठेवायची शेड मोकळी होती. "चार दिवस ठेवा," ते म्हणाले. वासरू बरं झालं, पण तोवर तिथे एक लंगडी गाढवीण, दोन आंधळी मांजरं आणि बरीच कुत्री येऊन राहिली होती. शेडला लोक आसरा म्हणू लागले.

सरिताताई त्या आसऱ्याची पुढारी. दिवसभर शिलाई करून संध्याकाळी ती एसटीने यायची, पाण्याची भांडी उलटी करून बघायची आणि शेवाळ दिसलं की ज्याच्या त्याच्यावर खेकसायची. हरेश भाजी पोचवून थेट इकडे यायचा. ओढ्यापलीकडच्या पाड्यावरची धोंडीबाई गवताचा भारा घेऊन यायची. ती फारसं बोलायची नाही. नवं जनावर बिथरलेलं असलं की त्याच्याशेजारी नुसती बसून राहायची. तिला कुणी बोलावलं नव्हतं. एक दिवस आली आणि मग येतच राहिली.

लोक कौतुक करत. सत्काराच्या एका कार्यक्रमात मलाही धुऊन उभं केलं होतं. आपण सगळ्यांच्या उपयोगी पडतो, असं मला वाटू लागलं होतं.

मग ती दुपार आली. खर्डी स्टेशनवरून आणलेला तांबडा कुत्रा फाटकातून बाहेर पडला आणि शाळेतून परतणाऱ्या तानीच्या पोटरीला चावला. तानी म्हणजे धोंडीबाईची नात. फाटकाची कडी तुटली होती, तिथे नुसती सुतळी बांधलेली होती.

सरिताताई त्या दिवशी लवकर आली होती. तिने तानीला नळाखाली बसवलं आणि साबण लावून जखम धूत राहिली. पोर किंचाळत होती. धोंडीबाई तिला धरून होती, पण सरिताताईकडे तिने बघितलंही नाही. जवळच्या दवाखान्यात लस नव्हती. मी त्यांना थेट कल्याणच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तेव्हा ती इंजेक्शनं पोटात घेत. पुढे प्रत्येक इंजेक्शनला मीच तानीला नेलं. धोंडीबाई हौद्यात हरेशकडे पाठ करून बसायची. आसऱ्यावर यायचं तिने सोडलं होतं.

गावाने मारुतीच्या देवळासमोर बैठक बोलावली. जाताना हरेश हळूच म्हणाला, "ताई, कुत्रा आपला नव्हता, भटका होता, असं सांगू. कोन बघायला गेलंय?"

"तानीने बघितलंय," सरिताताई म्हणाली.

बैठकीत ती उभी राहिली. "कुत्रा आमचाच होता. कडी तुटलेली मला ठाऊक होती. आज करू, उद्या करू म्हणत मी ते तसंच राहू दिलं."

तो कुत्रा वेगळा बांधून ठेवला होता आणि धडधाकट होता, हेही तिने सांगितलं. पण लोक भडकले होते. शेखरदादा मान खाली घालून म्हणाले, "माझी शेड मोकळी करा."

तेव्हा कडेला बसलेली धोंडीबाई उठली.

"माझ्या नातीला चावला, तर मला बोलू द्या. आमच्या पाड्यावर मानूस मरायला टेकलं तरी गाडी येत नाय. डोलीत घालून न्यावं लागतं. तानीला गाडी मिळाली, ती यांची." मग ती सरिताताईकडे वळली. "पन बाय, तुझा टेम्पो इतकी वर्षं आमच्या दारावरनं गेला. कुत्र्यासाठी थांबला, गाढवासाठी थांबला. आमच्यात कोन आजारी हाय का, ते तू कदी इचारलंस?"

मला माझी चाकं जमिनीत रुतल्यासारखी वाटली. त्या वाटेवरचा खड्डा न् खड्डा मला पाठ होता. माणसं मात्र मी कधी नीट पाहिली नव्हती.

"नाय इचारलं," सरिताताई म्हणाली. "चुकलंच."

"मग आता इचार," धोंडीबाई म्हणाली. "आन् कुंपन आमी घालतो. सुतळीचं काम नको."

शेड राहिली. पाड्यावरच्या माणसांनी बांबूचं दणकट कुंपण घातलं. गावातल्या आणि पाड्यावरच्या सगळ्या कुत्र्यांना लस टोचली गेली. तानी सुखरूप राहिली. त्यानंतर हरेश रोज ओढ्यापाशी हॉर्न वाजवून थांबू लागला. मी तापाने फणफणलेली पोरं नेली, साप चावलेला नवशा नेला. धोंडीबाई पुन्हा यायला लागली. सरिताताई बाहेर असली की आसरा तीच बघायची आणि ताईपेक्षा जास्त खेकसायची.

माझी शेवटची खेप अजून आठवते. तारेत अडकून पोट फाटलेली शेळी मागे होती. पाड्यावर पोचलो, तर मंगळीला बाळंतकळा सुरू झालेल्या. शेळी उतरवायला वेळ नव्हता. मंगळीला गोधडीवर निजवलं. धोंडीबाई मधोमध बसली. एक हात मंगळीच्या कपाळावर, एक शेळीच्या मानेवर. माझ्या इंजिनातून धूर येत होता. हरेश पुटपुटत होता, "एवढ्या वेळेला चल, बाबा."

मी चाललो. दवाखान्याच्या दारात पोचलो आणि तिथेच कायमचा थांबलो. मंगळीला मुलगी झाली. शेळीही जगली. मला मात्र दोरीने ओढत परत आणावं लागलं.

मित्रांनो, मला रंग लावा, सावलीत ठेवा, असं मी म्हणणार नाही. गंज हा माझ्या जातीला चुकत नाही. पण तुम्ही मोठे होऊन कुणाची सेवा करायला निघालात, तर ज्याच्या दारावरून जाता त्याला आधी विचारा, बरं आहे ना? आणि आपल्या गाडीत कुणाला घ्यायचं, हे घरून ठरवून निघू नका.