उभ्या बाईचं चित्र

अप्पांचा हात कापायला लागल्यापासून आठ वर्षं चित्रं त्यांची मुलगीच काढत होती, पण गावाला त्याचा थांगपत्ता नव्हता. गिऱ्हाईक समोर बसलं की अप्पा दोन-चार रेघा ओढत, हवापाण्याच्या गप्पा मारत. माणूस गेला की मुलगी बाह्या सरसावून कामाला लागे. खाली सही अप्पांची. तीही मुलगीच करायची, हुबेहूब.

अप्पांचा एक दंडक होता. पुरुष उभा, बाई बसलेली. पुरुषाच्या हातात पुस्तक, छडी, नकाशा, काहीही. बाईचे हात मांडीवर, फार तर एखादं फूल. त्यांच्या गुरूंनी असंच केलं होतं, आणि गुरूंच्या गुरूंनीही.

मग इस्पितळातून बोलावणं आलं. तिथल्या प्रमुख सर्जनबाई निवृत्त होत होत्या. सभागृहात आधीच्या नऊ प्रमुखांची चित्रं होती, नऊही पुरुष. दहावं यांचं लागायचं होतं. विश्वस्तांनी बजावलं होतं की बाईंना खुर्चीत बसवा आणि चेहरा जरा हसरा ठेवा.

मुलगी भिंतीचं माप घ्यायला गेली, तेव्हा सर्जनबाई स्वतः तिच्याबरोबर आल्या. दाराआड एका बाईचंही चित्र होतं. इस्पितळाची जमीन तिनं दिलेली, पण खाली लिहिलेलं ‘संस्थापकांच्या पत्नी’, एवढंच. सर्जनबाई त्या चित्रातले हात बराच वेळ न्याहाळत राहिल्या.

“या हातांना हाडंच नाहीत,” त्या म्हणाल्या. “काढणाऱ्यानं नीट बघितलेच नसतील.”

ते चित्र अप्पांच्या गुरूंनी काढलेलं होतं. मुलीच्या मनातून ते वाक्य जाईना.

दुसऱ्या दिवशी सर्जनबाई दुकानात आल्या, तेव्हा अप्पांनी अदबीनं खुर्ची पुढे केली. सर्जनबाईंनी ती बाजूला सारली. चौतीस वर्षं उभ्यानं काम केलं, आता चित्रापुरती कशाला बसू, असं त्यांनी विचारलं. अप्पांनी परंपरा सांगितली, शोभा सांगितली. बाई कोपरापर्यंत बाह्या दुमडून दीड तास जागच्या हलल्या नाहीत. शेवटी अप्पाच दमून त्या खुर्चीत टेकले.

“मघापासून बघतेयस तू, आणि बोलतायत हे,” सर्जनबाई मुलीला म्हणाल्या. “चित्र काढणार कोण?”

मुलीनं वडिलांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती.

“मी,” ती म्हणाली.

नुसत्या हातांवरच तिचे तीन आठवडे गेले. मुळापर्यंत कापलेली नखं, धुऊन धुऊन पांढरी पडलेली कातडी, किंचित वाकलेली तर्जनी. चारदा काढले, चारदा खरवडून टाकले. पाचव्यांदा जमले, तेव्हा तिनं खाली स्वतःचं नाव घातलं.

अप्पा भडकले. लोक नाव पाहून येतात, दुकान बुडवशील, म्हणाले.

“नाव पाहून एकदा येतात, अप्पा. परत येतात ते चित्र पाहून. आणि चित्रं मी काढते.”

दोन दिवस ते मागच्या खोलीतून बाहेर आले नाहीत.

तिसऱ्या दिवशी मुख्य विश्वस्त चित्र बघायला आले. उभी बाई जरा उद्धट दिसते, असं त्यांचं मत पडलं. ते बदलायचं नसेल तर निदान सही तरी वडिलांची करा, म्हणाले. मुलीनं सरळ नाही म्हटलं. विश्वस्त अप्पांकडे वळले.

अप्पांनी घसा खाकरला. “तुमच्या नऊजणांतले चौघे मी काढलेत, सगळे उभे. ते कधी उद्धट दिसले नाहीत तुम्हाला. आणि असे हात मला जन्मात जमले नाहीत. ज्याचं काम, त्याची सही.”

विश्वस्तांनी चित्र नेलं खरं, पण लावलं अंधाऱ्या कोपऱ्यात. सर्जनबाईंनी ते पाहिलं आणि चित्र उजेडात येईपर्यंत आपल्या खोलीच्या किल्ल्या देणार नाही, असं शांतपणे सांगितलं. संध्याकाळच्या आत ते खिडकीसमोरच्या भिंतीवर आलं.

पुढच्या आठवड्यात इस्पितळातली म्हातारी सुईण दुकानात आली. तिनं अप्पांना विचारलंच नाही. सरळ मुलीपाशी गेली आणि म्हणाली, मलाही चित्र काढून घ्यायचंय, पण फार वेळ एका जागी थांबायला जमणार नाही, बाया अडलेल्या असतात.

मुलगी म्हणाली, जमेल तेवढंच थांबा, पुन्हा या. मागच्या खोलीत अप्पा लेकीसाठी रंग घोटत होते.