टोकाचा तारा

मित्रांनो, मी एक जुना झेंडा आहे. माझा निळा रंग आता फार धुतलेल्या चादरीसारखा फिकट झाला आहे. काठीकडच्या वरच्या कोपऱ्यात ब्रिटिशांच्या झेंड्याचे छोटे चित्र आहे आणि उरलेल्या निळ्यावर नऊ पिवळे तारे आहेत. त्यांतले आठ माझ्याच वयाचे. नववा मात्र इतका नवा आणि भडक, की पाहणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते. "हा एकच असा का?" असे मला पाहणारे विचारतात. त्याचीच ही गोष्ट आहे. ती दुःखाची आहे, पण तुम्ही ऐकावी असे मला वाटते.

प्रशांत महासागरात तुवालू नावाचा एक देश आहे. नकाशावर बोट ठेवले तर सगळा देश बोटाखाली झाकला जाईल, एवढा तो लहान. नऊ बेटे, सारी पाण्याच्या जेमतेम वर. माझ्यावरचे तारे म्हणजे तीच बेटे. समुद्रात ती जशी विखुरली आहेत तशीच माझ्यावर मांडली आहेत, फक्त नकाशा आडवा धरल्यासारखी. अगदी दक्षिणेला आहे ते सर्वांत लहान बेट, नियुलाकिता. त्याचा तारा माझ्या टोकाला येतो, काठीपासून सर्वांत दूर. वारा सुटला की त्याच कोपऱ्याची फडफड जास्त होते. झेंडा विरायला लागतो तोही तिथूनच.

माझ्या आधी तिथे दुसरा झेंडा होता. त्यावर उगवता सूर्य होता आणि सूर्यावरून उडणारा एक समुद्रपक्षी. तेव्हा शेजारची बेटे आणि ही बेटे मिळून एकच वसाहत होती. पुढे वाटण्या झाल्या, तेव्हा सूर्य आणि पक्षी शेजाऱ्यांकडे गेले. आमच्या वाट्याला तारे आले.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षी नियुलाकिता बेटावरच्या एका बाईने मला हाताने फिरवायच्या शिलाई मशीनवर शिवले. तिचा तरुण मुलगा इओआने मशीनचे चाक फिरवत होता. आपल्या बेटाचा तारा तिने सर्वांत शेवटी लावला. मग मी शाळेपुढच्या काठीवर चढलो. खारा वारा, नारळांची सळसळ, खाली मुलांचा गलका. मित्रांनो, त्याहून चांगले दिवस मी पाहिले नाहीत.

मग काही वर्षांनी सरकारला वाटले की तारे नऊ कशाला? तुवालू या नावाचा अर्थच मुळी 'आठ जण एकत्र उभे' असा आहे, कारण जुन्या काळी आठच बेटांवर वस्ती होती. एक तारा कमी करा, असा हुकूम आला. आमच्या बेटावर तोवर माणसे राहत होती, चुली पेटत होत्या. तरी इओआनेच्या आईने डोळे पुसत स्वतःच्या हाताने तो तारा उसवला आणि बिस्किटांच्या डब्यात ठेवून दिला. पाठोपाठ लाल, पांढऱ्या, निळ्या पट्ट्यांचा नवाच झेंडा आला आणि मी पेटीत गेलो. पण लोकांना तो रुचला नाही. थोड्याच काळात मला परत बोलावले, तेही नऊ ताऱ्यांसह.

तोवर आईची नजर गेली होती. इओआने जहाजावर नोकरी करत होता. सुट्टीवर आला तेव्हा त्यानेच डब्यातला तारा काढला आणि शिडे शिवायच्या जाड दोऱ्याने माझ्यावर परत लावला. मोठे मोठे, वेडेवाकडे टाके. आईने त्यावरून बोट फिरवले आणि ती हसत सुटली. "हे टाके आहेत का माशाचे काटे?" ती म्हणाली. तिचे ते हसणे त्या टाक्यांत राहिले, असे मला नेहमी वाटे.

आई गेल्यावर इओआनेने मला बरोबर घेतले. आधी न्यूझीलंड, मग सिडनी. तिथे वेस्टमीड भागात मोठे हॉस्पिटल आहे, तिथल्या कार पार्कमध्ये त्याला काम मिळाले. अंगात भडक पिवळे, बिनबाह्यांचे जाकीट घालून तो दिवसभर गाड्यांना वाट दाखवी. घरी मी भिंतीवर असे. कामावरून आला की तो माझ्या टोकाच्या ताऱ्याला दोन बोटे लावी आणि मगच बूट काढी. दिवसभराच्या गमती तो बायकोला, वालीसीला सांगे आणि त्या मीही ऐके.

हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करणारी मिताली रोज त्याच कार पार्कमध्ये गाडी लावत असे.

"गुड मॉर्निंग, डॉक्टर!" तो म्हणे.

"मी डॉक्टर नाही रे, मी लॅबमध्ये आहे."

"मग तू डॉक्टरांच्याही वर. तू सांगतेस आणि मग त्यांना कळतं!"

अशी त्यांची ओळख होती. आणि एके दिवशी सकाळी कामावरच इओआने कोसळला. हॉस्पिटल समोरच होते, तरी उशीर झाला.

त्याला त्याच्या बेटावर नेणे शक्य नव्हते. नियुलाकिताला विमान उतरत नाही. बोट जाते, तीही कधीतरी. हे इओआनेला ठाऊक होते. म्हणून त्याने वालीसीला फार पूर्वीच सांगून ठेवले होते, "मला इथे पुरलंस तरी चालेल. पण पेटीवर माझ्या आईचा झेंडा घाल. आणि नियुलाकिता माझ्या छातीवर येऊ दे."

एवढीच त्याची इच्छा होती.

वालीसीने मला भिंतीवरून उतरवले तेव्हा माझी कड विरली होती आणि टोकाचा तारा दोन-चार टाक्यांवर लोंबत होता. मिताली भेटायला आली होती. तिची सासू शिवणकाम करते हे वालीसीला माहीत होते. "शनिवारी अंत्यविधीला लागेल," वालीसी म्हणाली. "कड शिवून दे म्हणावं. आणि तो तारा जाऊ देऊ नको म्हणावं." मितालीला शिफ्टला जायचे होते. तिने मान हलवली, मला पिशवीत घातले, आणि शेवटचे वाक्य वाटेतच कुठेतरी सांडले.

मितालीच्या सासूबाईंचे नाव चित्रा. मूळच्या पुण्याच्या. हॉस्पिटलजवळच्या वेंटवर्थव्हिलला मुलाकडे राहायला आल्यापासून खिडकीपाशी मशीन मांडून आसपासच्या बायकांचे ब्लाउज शिवून देत. "मागून-पुढून सारखं दिसलं तरच ते काम," असे त्या म्हणत, आणि तसेच करत.

"आई, आमच्या कार पार्कमधले ते काका गेले. हा त्यांचा झेंडा. शनिवारच्या आत नीट करून द्याल ना?" मिताली म्हणाली आणि कामाला गेली.

चित्राताईंनी मला कोमट पाण्यात धुतले. हलक्या हाताने इस्त्री केली. विरलेली कड दुमडून इतकी सुबक टीप मारली, की मलाच माझा अभिमान वाटला. मग त्या टोकाच्या ताऱ्याशी आल्या आणि थांबल्या.

"हृषिकेश, इकडे ये जरा. बाकीचे तारे बघ कसे बारीक मशीनचे आहेत. आणि हा बघ. दोरा वेगळा, टाके हे एवढाले. कुणीतरी मागाहून चिकटवलाय."

हृषिकेश म्हणजे मितालीचा नवरा. कॉम्प्युटरवर काम करणारा. मीटिंगमधून उठून आला, तो फोन बघतच. "एक मिनिट हं. तुवालू... अगं, नावाचाच अर्थ आठ आहे. आणि हा फोटो बघ, आठच तारे. नववा एक्स्ट्रा दिसतोय."

"नक्की?"

"आई, लिहिलंय इथे! काढ तू बिनधास्त."

तो फोटो खोटा नव्हता, मित्रांनो. पण तो मधल्या थोड्या काळातला होता. हृषिकेशने बोट आणखी थोडे खाली सरकवले असते, तर त्याला पुढचे कळले असते. मीटिंग सुरू होती, तो परत गेला.

चित्राताईंनी बारीक कात्री घेतली. मला ओरडावेसे वाटले. पण झेंड्याला आवाज देतो तो वारा, आणि त्या खोलीत वारा नव्हता. एकेक माशाचा काटा सुटत गेला. त्यांनी टाक्यांच्या भोकांवर पाणी शिंपडून इस्त्री फिरवली, ती मिटल्यासारखी केली. तारा चिंध्यांबरोबर कचऱ्याच्या पिशवीत गेला. त्यांनी ते सारे मायेने केले. परक्या देशात मेलेल्या परक्या माणसाचा झेंडा त्या जणू स्वतःच्या घरचा असल्यासारखा नीटनेटका करत होत्या.

शुक्रवारी दुपारी वालीसी मला न्यायला आली. मिताली तिला गाडीतून घेऊन आली होती. चित्राताईंनी मला पलंगावर पसरले. वालीसीने कडेवरून हात फिरवला आणि मितालीमार्फत सांगितले, "किती सुंदर केलंय." मग तिचा हात टोकाकडे गेला. तिथे फिरला. पुन्हा फिरला.

"आमचं बेट कुठे आहे?" तिने विचारले.

मितालीने सासूकडे पाहिले. "आई, इथे एक तारा होता ना?"

"तो जादा होता, तो काढला," चित्राताई म्हणाल्या, आणि बोलता बोलताच त्यांचा चेहरा उतरला. "का गं? काढायचा नव्हता?"

मितालीने तोंडावर हात ठेवला. "त्या म्हणाल्या होत्या मला, तारा जाऊ देऊ नको. मी तुम्हाला सांगायलाच विसरले."

हृषिकेश बाहेर धावला. कचऱ्याची लाल झाकणाची बिन त्याने आडवी करून पाहिली. पण कचऱ्याचा ट्रक सकाळीच येऊन गेला होता. आत नुसते ओले कागद चिकटले होते. तो परत आला तेव्हा त्याचे हात काळे झाले होते. आईकडे त्याला पाहवेना.

वालीसी ओरडली नाही. ती पलंगाच्या काठावर बसली आणि तिने सगळे सांगितले. तो हुकूम, तो बिस्किटांचा डबा, ते माशाचे काटे. शेवटी म्हणाली, "त्याच्या आईनं एकदा रडत काढला होता. आज पुन्हा निघाला. उद्या मी त्याच्या छातीवर काय ठेवू?"

चित्राताईंनी कपाट उघडले आणि होते नव्हते ते सगळे पिवळे कापड बाहेर काढले. साटीन, सुती, ब्लाउजपिसे. वालीसी प्रत्येकाला हात लावी आणि मान हलवी. कापडे चांगली होती. पण त्यांतले एकही इओआनेचे नव्हते.

मग ती अचानक उठली. मितालीच्या गाडीत, येताना हॉस्पिटलमधून घेतलेली एक पिशवी होती. त्यात इओआनेचे शेवटच्या दिवशीचे कपडे होते. वालीसीने ती अजून उघडली नव्हती. तिने ती आणली, चित्राताईंच्या मांडीवर ठेवली आणि तोंड फिरवले. आत ते भडक पिवळे जाकीट होते.

"हे कापू?" चित्राताईंनी विचारले. या वेळी त्यांनी विचारले, मित्रांनो. उत्तर येईपर्यंत त्यांनी कात्रीला हातही लावला नाही.

वालीसीने मान डोलावली.

जाकिटाच्या पाठीतून तारा निघाला. तो नेमका कुठे लावायचा, म्हणून चित्राताईंनी मला खिडकीच्या उजेडात धरले. इस्त्रीने मिटवलेली भोके तिथे पुन्हा दिसली, ताऱ्याच्याच आकारात. कापड आपले टाके इतक्या सहज विसरत नाही. त्यांनी सुईत बारीक पिवळा दोरा ओवला आणि हाताने शिवायला घेतले. पहिला टाका इतका नाजूक, की दिसेचना.

वालीसीने त्यांच्या हातावर हात ठेवला. "असा नको. त्याच्यासारखा घाल."

ज्या बाईने जन्मभर टाका दिसू दिला नव्हता, तिने तो उसवला. जाड दोरा घेतला. आणि मुद्दाम मोठे, वाकडे टाके घातले, एकेका जुन्या भोकातून. त्यांना ते जमत नव्हते. डोळे सारखे भरत होते, त्यामुळे मग जमू लागले. शेवटचे थोडे टाके वालीसीने घातले.

शनिवारी सभागृहात मला इओआनेच्या शवपेटीवर पसरले. टोकाचा कोपरा त्याच्या छातीवर येईल असा मला आडवा घातला होता. त्याच्या माणसांनी उभे राहून प्रार्थनेची गाणी म्हटली. त्यांचा आवाज असा चढत होता, की मला शाळेपुढचा वारा आठवला. सर्वांत मागच्या बाकावर चित्राताई नातीला, ओवीला घेऊन बसल्या होत्या.

"आजी, आय कॅन ओन्ली सी वन स्टार," ओवी कुजबुजली.

"तोच बघ," चित्राताई म्हणाल्या.

खरेच होते ते. माझे आठ तारे विटले आहेत, लांबून ते दिसत नाहीत. जे जाकीट गाड्यांना लांबून दिसावे म्हणून रंगवले होते, त्याचा तारा मात्र साऱ्या सभागृहाला दिसत होता.

इओआनेला सिडनीच्या मातीत ठेवण्याआधी मला घडी करून वालीसीच्या हातात दिले. आता मी तिच्या कपाटात असतो. त्याच्या आईने शिवलेला तारा कुठल्या तरी कचऱ्याच्या ढिगाखाली आहे. तो आता मिळायचा नाही. तिकडे बेटांभोवती समुद्र वर चढतो आहे आणि माणसे एकेक करून निघत आहेत. कदाचित एक दिवस बेटांच्या माझ्यावरच्या जागा तेवढ्या राहतील, पाण्यातल्या राहणार नाहीत. तेव्हा मला जपायला कोणीतरी लागेल.

म्हणून सांगतो, मित्रांनो. कोणाची जुनी वस्तू हाती आली आणि तिच्यावर एखादा वेडावाकडा टाका दिसला, तर कात्री उचलण्याआधी एवढे विचारा, की हा कोणी घातला होता? आणि कधी माझ्यासारखा झेंडा समोर आला, तर त्याचे तारे मोजताना टोकापासून सुरुवात करा.