ऋजुताच्या रंगाची बाहुली

“ताई, तुम्ही उठू नका. मी घासते ना भांडी,” ऋजुता म्हणाली आणि भातुकलीतली कढई फ्रॉकच्या टोकानं खसाखसा पुसायला लागली.

ताई म्हणजे बाहुली. निळ्या डोळ्यांची, सोनेरी केसांची, गोरीपान. ती माझ्या खुर्चीत उशीला टेकून ऐसपैस बसली होती आणि माझी सहा वर्षांची मुलगी तिच्यापुढे फरशीवर उकिडवी. मी पेपर वाचायचं नाटक करत होतो. रविवारी सकाळी तिचा खेळ बघण्यासारखी दुसरी करमणूक नाही.

“ही कोण गं?” मी विचारलं.

“ही तुमची मुलगी. तुझी अन् आईची.”

“आणि तू?”

“मी द्वारकाबाई.”

द्वारकाबाई आमच्याकडे धुण्याभांड्याला येते. मी हसलो. “अगं, तू ऋजुता हो ना. मुलगी तू आहेस.”

“बाबा, तुला काही समजतच नाही.” तिनं बाहुलीचा हात धरून स्वतःच्या हाताशेजारी ठेवला. “बघ. ही तुमच्यासारखी आहे. मी द्वारकाबाईसारखी.”

रडत नव्हती, रुसली नव्हती. दोन अधिक दोन चार सांगावं तसं तिनं सांगितलं आणि पुन्हा कढई घासायला लागली. मला मात्र ते लागलं. वर लाज वाटली ती वेगळीच, कारण द्वारकाबाईत वाईट काय आहे? ती ऋजुताला पदराच्या गाठीतून गूळ काढून देते. पण मुलगी आपल्याच घरात स्वतःला मुलगी समजत नसेल, तर बापानं काय करायचं?

साडेतीन वर्षांपूर्वी आम्ही तिला संस्थेतून घरी आणलं. दत्तक आहेस, हे तिला पहिल्यापासून सांगितलेलं आहे, गोष्टीसारखं. मी आणि शैलजा दोघं घाऱ्या डोळ्यांचे, उन्हात लालबुंद होणारे. ऋजुता सावळी, नुसती सावळी नाही, चांगली काळी. शैलजाच्या पुण्याच्या मावशी तिला बघायला आल्या तेव्हा म्हणाल्या, “रंगानं डावी आहे, पण नाकीडोळी नीटस हो!” ही गोरी बाहुली त्यांनीच आणलेली.

शैलजा एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. दुपारी ती ड्यूटीवरून आल्यावर मी तिला सगळं सांगितलं. तिनं पर्स खाली ठेवली आणि तशीच उभी राहिली.

“मतलब हे तिच्या डोक्यात आधीपासून होतं,” ती म्हणाली. “अन् आपण खुशाल तिला तीच बाहुली खेळायला देत होतो.”

“काढून टाकू का ती?”

“नका हो, उलटंच होईल. तिच्या रंगाची आणा एक. इतकं मोठं इंदूर आहे, मिळेलच ना.”

मिळेलच ना! सोमवारी कामावरून सुटल्यावर मी रानीपुऱ्यात गेलो. तिथे खेळण्यांची ठोक दुकानं आहेत, छतापर्यंत बाहुल्या रचलेल्या. मी विचारलं की दुकानदार आधी माझ्याकडे बघायचा, मग पोऱ्याकडे, मग हसायचा.

“सांवली गुड़िया? आती ही नहीं, भिया. आएगी तो बिकेगी नहीं.”

एकानं फारच मदत केली. “काले में बस ये है,” म्हणून त्यानं वरून नजरबट्टू काढून दाखवला. घराला दृष्ट लागू नये म्हणून दारावर टांगतात ते राक्षसाचं तोंड, जीभ बाहेर काढलेलं. “मुलीसाठी पाहिजे आहे!” मी ओरडलोच. त्याला बिचाऱ्याला कळेना, आपलं काय चुकलं. राजवाड्याच्या गल्ल्या झाल्या, मॉल झाला, मोबाइलवर शोधून झालं. शनिवारपर्यंत माझी झोप उडाली होती. रोज घरी आलो की मी आधी बघायचो, खुर्चीत कोण बसलंय आणि खाली कोण.

शनिवारी लालबागच्या मेळ्यात झाबुआची एक आदिवासी बाई कापडाच्या बाहुल्या घेऊन बसलेली दिसली. काळ्या, ठसठशीत नाकडोळ्यांच्या, गळ्यात मण्यांच्या माळा. मला इतका आनंद झाला की मी न विचारता एक उचलली. ऋजुतालाही आवडली. तिनं ती उलटसुलट करून बघितली, माळ ओढून बघितली, मग बाहुलीच्या डोक्यावरच्या टोपलीला बोट लावलं.

“बाबा, ही कुणाकडे कामाला जाते?”

घरी येऊन मी ब्लेडनं टोपलीचे टाके उसवले. टोपली निघाली, पण ती धरायला वर केलेले हात वरच राहिले. त्या हातांवर ऋजुतानं भातुकलीतला हंडा ठेवला आणि म्हणाली, “जा, पाणी भरून आण.”

मग मी म्हटलं, बास. जगाच्या तोंडाकडे किती बघायचं? सियागंजात रंगाच्या दुकानात बावीस वर्षं मी रंग मिसळतोय. गिऱ्हाईक साडीचा तुकडा आणतं, कुणी बदाम आणतो, एकानं तर आईच्या जुन्या ट्रंकेचा पोपडा आणला होता. मी जुळवून देतो. आता दुकानात मशीन आहे, पण मशीन चुकलं की मालक देवेंद्रजी मलाच हाक मारतात. एवढं असून पोरीच्या रंगाची बाहुली मी बाजारात शोधत हिंडत होतो! बाजारातून एक साधी बाहुली आणायची आणि आपल्या हातानं रंगवायची, असं ठरवलं. ऋजुताला मात्र आधी सांगायचं नाही. एकदम हातात द्यायची.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी शेड कार्ड घेऊन ऋजुताला गॅलरीत बोलावलं. रंग बघायचा तो उन्हात, ट्यूबलाइटखाली नाही. तिचा हात कठड्यावर ठेवला आणि एकेक पट्टी शेजारी धरून बघायला लागलो.

“हे काय आहे, बाबा?”

“रंग आहेत. हलू नकोस.”

ती हलली नाही. श्वाससुद्धा हळू घेत होती. “कुठला पाहिजे?”

“थांब ना. बरोबर जुळला पाहिजे.”

“कधी लावणार?”

“पुढच्या रविवारी.”

तिनं दुसऱ्या हातानं कठडा धरला. “दुखेल का?”

“रंगानं कुठे दुखतं, वेडाबाई!” मी म्हणालो आणि हसलो. तेव्हा मी तिच्या तोंडाकडे बघायला हवं होतं. मी हाताकडे बघत होतो. धंद्याची सवय, दुसरं काय. नमुना समोर आला की तो कुणाचा आहे, हे मी विसरतो.

तो रंग कार्डात नव्हताच. दुकानात हात रिकामे झाले की मी थोडा थोडा करून बघायचो. पहिले दोन पांढऱ्या बेसमध्ये केले ते राखेसारखे फिक्कट आले. गडद रंगाला वेगळा बेस लागतो, ज्यात पांढरा नसतोच. हे मला माहीत होतं, तरी घाईत चुकलो. मग तपकिरी जास्त झाला, मग लाल कमी पडला. रोज हाताच्या मागच्या बाजूला ठिपका लावून घरी न्यायचो आणि जेवताना तिच्या हाताशी गुपचूप ताडून बघायचो.

“किसकी दीवार है, अच्युतजी, जो पास ही नहीं हो रही?” देवेंद्रजींनी विचारलं.

“घरचीच आहे,” मी म्हणालो.

सातव्यांदा जमला. त्या आठवड्यात ऋजुता फार शहाण्यासारखी वागली. दूध एका दमात संपवायची, केस विंचरताना ओरडायची नाही. रोज विचारायची, “रविवारला किती दिवस राहिले?” मी शैलजाला म्हणालो, हिला बाहुलीचा सुगावा लागलेला दिसतोय.

रविवारी शैलजा ड्यूटीवर गेल्यावर मी गॅलरीत पेपर अंथरले, डबा ठेवला आणि आतून ब्रश अन् कपाटावर लपवलेली बाहुली आणायला गेलो. तिला पॉलिश पेपरनं घासून प्रायमरचा हात मारून ठेवला होता. परत आलो तर ऋजुता पेपरांच्या बरोबर मध्यभागी उभी. अंगात बनियन आणि चड्डी. फ्रॉक काढून बाजूला व्यवस्थित घडी करून ठेवलेला. दोन्ही हात पसरलेले आणि डोळे गच्च मिटलेले.

“बाबा, मी तयार आहे,” ती म्हणाली. “आधी तोंडाला लाव. म्हणजे शाळेत दिसेल.”

मी तिथेच उंबऱ्यावर बसलो. आठ दिवस पोरगी हे मनात घेऊन दूध पीत होती, आणि मी ठिपके ताडून बघत होतो!

“ऋजू, डोळे उघड.”

“लावून झाल्यावर.”

“उघड बाळा. बघ तरी.”

मी डब्याचं झाकण काढलं. तिनं एक डोळा उघडला, मग दुसरा. वाकून आत बघितलं. मग हात डब्यावर धरला आणि पुन्हा आत बघितलं.

“हा तर माझाच आहे.” तिनं हात मागे घेतला. “हा कशाला आणला? मला तुमचा पाहिजे होता.”

आणि मोठ्यानं रडायला लागली. गिऱ्हाइकाला रंग पटवून देण्यात सियागंजात माझा कुणी हात धरणार नाही, पण इथे ते कसब काय कामाचं. मी तिला जवळ ओढलं, कसाबसा फ्रॉक घातला. तोही उलटा घातला.

“मला हाच पाहिजे होता,” मी शेवटी म्हणालो. “सहा वेळा बिघडला गं. सातव्यांदा जमला.”

“कशाला पाहिजे होता?”

“बाहुलीला. मला तुझ्यासारखी बाहुली पाहिजे होती. रानीपुऱ्यात गेलो, राजवाड्यावर गेलो, कुठ्ठे मिळाली नाही.”

तिनं नाक पुसलं. “किती दिवस शोधली?”

“पूर्ण एक हफ्ता.”

“अन् मला?”

“तुला? तुझी तर तीन वर्षं वाट बघितली. रोज फोन करायचो संस्थेत. शेवटी ते लोक माझा आवाज ओळखायला लागले होते.”

मी बाहुली पेपरवर ठेवली, ब्रश तिच्या हातात दिला. तिनं एका पायाला इतका जाड रंग थापला की ओघळ आले. ते मी सारखे करत राहिलो. रंगाचा पहिला हात झाल्यावर तिनं आपला हात शेजारी धरला आणि नाराज झाली.

“जुळत नाही.”

“ओला आहे ना. वाळल्यावर गडद होतो. थांबावं लागतं.”

आम्ही थांबलो. दुसरा हात मारला, पुन्हा थांबलो. दुपारी डोळे आणि ओठ रंगवले. मग तिनं बाहुली उचलली आणि आत निघून गेली.

ती गॅलरीत डोळे मिटून उभी होती, हे मी शैलजाला सांगितलेलं नाही.

डबा बंद करून, ब्रश धुऊन मी आत आलो. माझ्या खुर्चीत गोरी बाहुली होतीच, शेजारी हात वर केलेली झाबुआची. नवी ऋजुताच्या मांडीवर. ती तिला थोपटत होती. खाली भातुकलीची भांडी तशीच पडलेली.

मी जरा लांबच उभा राहिलो. विचारायची भीती वाटत होती. “ही कोण?”

“हळू बोल. झोपतेय. ही माझी मुलगी.”

“आणि तू?”

“मी हिची आई.” काय हा माणूस, अशा नजरेनं तिनं माझ्याकडे बघितलं.

“मग मी कोण?”

“तू हिचा आजोबा. आता कोण असणार?”

मी उगाच खाली बघितलं आणि विचारलं, “भांडी पडलीत ती? द्वारकाबाई कुठाय?”

“ती आज सुट्टीवर आहे,” ऋजुता म्हणाली आणि एका हातानं कढई माझ्याकडे सरकवली. “तू घास.”

मी फरशीवर उकिडवा बसलो आणि घासायला लागलो.